पहिला नंबर रिकामा

होळी, वसई
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. ज्युड यास,

हरेश्वरकाकाचा आशीर्वाद. तू, जीना आणि मुलं खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. यंदा वालपापडी बरी धरली आहे. पाऊस लांबल्याने केळीचं मात्र हसं झालं. माझा गुडघा आहे तिथेच आहे आणि त्याचं दुखणंही. नायगावात अठराव्या मजल्यावर वारा फार लागत असेल, कानाला रुमाल बांधत जा. हसू नकोस.

पाकीट बघून तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला खूळ लागलं. होळी ते नायगाव अंतर ते केवढं, फोन करावा की. पण फोनवर समोरचा मध्ये बोलतो, आणि हे सांगताना मध्ये कुणी बोललं तर मी तिथेच थांबेन. मी सातवी शिकलेला माणूस, चुका पोटात घाल.

ऑक्टोबरात तुझ्या आईच्या, एस्थरवहिनींच्या दफनाला तू माझा हात धरून विचारलंस, "काका, विकी कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे." तेव्हा माझा विकी नंदाखालच्या देवळाच्या फाटकाबाहेरच उभा होता. वहिनींच्या हातचं केवढं खाल्लंय त्याने, पण तू आत होतास म्हणून आला नाही. सगळे पांगल्यावर गेला आणि वाडीतली शेवंती कबरीवर ठेवून आला. सोळा वर्षं तुम्ही बोलला नाहीत, आणि मी तुमच्या मधोमध उभा राहून "बरा आहे" म्हणालो.

तो बरा नाही, ज्युड. नोकरी आहे, क्षितिजासारखी समजूतदार सून मिळाली, दिपिका नववीत आहे. तक्रार करावी असं काही नाही. पण कुठे गिटार वाजली की हा उठून परसात जातो आणि उगाच नळ सोडतो.

तुला आठवतं ना? देवळातली रविवारची मिस्सा आटोपून तू सायकलवरून यायचास आणि बावखलाच्या, आपल्या वाडीतल्या तळ्याच्या काठी, मोटारखोलीच्या पायरीवर तुमची सभा भरायची. जगातला सगळ्यात भारी रिफ, गिटारीवर फिरून फिरून वाजणारा तो तुकडा, कुठला! दाराच्या आतल्या बाजूला खडूने दहा नंबरांची यादी, दर आठवड्याला तिच्यात खाडाखोड. पंच मी. विकी म्हणायचा, "बाबांना इंग्रजी कळत नाही ना, म्हणून त्यांना कोणी फसवू शकत नाही." गाण्यांची नावं मला पाठ होईनात, मग मी माझी नावं ठेवली. एक 'डिझेल इंजिन'. एक 'म्हशीची चाल'. मैदानभर लोक ज्याच्यावर शब्दांवाचून ओरडतात तो 'पालखीवाला'. रिफ म्हणजे काय हे मला समजावून तुम्ही थकलात, तेव्हा मीच म्हटलं, अरे हा तर आपला रहाट! तीच गाडगी खाली जातात, तीच वर येतात, पाणी तेवढं दर वेळी नवं. तू नाटक्या, माझ्या पाया पडायला धावला होतास.

आणि तो मुखवटे घालून वाजवणारा परदेशी बँड, ते मुखवटेवाले! विकीचा त्यांच्यावर जीव आणि तुझा दात.

"तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून झाकतात," तू म्हणायचास.

"तुझ्या त्या रडक्यांपेक्षा बरे. तुझा गायक गातो की नाक शिंकरतो?"

"काका, निकाल द्या! आज काय ते होऊन जाऊ दे."

मी म्हणायचो, दोघांचे दोन आणि तीन नंबरला लिहा, पहिला रिकामा ठेवा. म्हणून यादीत पहिला नंबर कायम रिकामा. वर्षभर तेवढ्यावर भांडलात, पण त्या भांडणाने कधी कुणाचा चहा गार झाला नाही.

मग विकीने स्वतःचा रिफ बांधला. जाड तारेवर सहा ठोके, मग श्वास अडकावा तशी एक फट, मग दोन ठोके. तू ऐकलास आणि उठून थेट यादीसमोर जाऊन उभा राहिलास. मग म्हणालास, "काका, खडू द्या. नको, आधी बंगळूरला वाजवून येऊ, मगच लिहू." तुम्हा दोघांचं सहा महिन्यांसाठी तिकडे जायचं ठरत होतं. जमलं तर कायमचं. तुझ्या काकूला, बायजाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण ते माझ्या अक्षरात कुठेतरी असायला हवं. मी तुला पानवेलीच्या मांडवात गाठलं आणि तुझ्यापुढे हात जोडले. म्हटलं, "तू त्याला एवढंच सांग, हा रिफ त्या मुखवटेवाल्यांचा चोरलेला आहे." आपल्या पोराला मी ओळखत होतो. वाईट म्हटलं असतंस तर तो भांडला असता, चोर म्हटल्यावर मोडणार. तू म्हणालास, "काका, खोटं कसं बोलू? तो माझा..." पुढे मी तुला बोलू दिलं नाही. बायजाची शपथ घातली. हे आपल्या दोघांतच राहील, तिची शपथ. तिच्या हातची भाकरी खाल्लेला पोर तू. शपथ मोडणार नाहीस हे जाणूनच घातली.

तू सगळ्यांसमोर ते बोललास. विकी भांडला नाही. गिटार पिशवीत घातली आणि म्हणाला, "असेल. ऐकलेलं डोक्यात शिरतं कधी कधी." महिन्याभरात नोकरीवर हजर झाला. तू त्या मुखवटेवाल्यांवरच्या रागापायी त्याला सगळ्यांसमोर चोर केलंस, असं तो आजही समजतो. आणि तू सोळा वर्षं ते ऐकून घेतलंस.

हे उकरून आज का काढलं? तर आमची दिपिका. फोनवर बघून बघून गिटार शिकली. गेल्या महिन्यात माळ्यावर तिला तुमच्या वाजवण्याची जुनी सीडी सापडली. दोन दिवसांत तिने तो रिफ बसवला आणि ओटीवर मला ऐकवला. माझ्या हातातली पानाची चंची खाली पडली.

"आजोबा, हा कुणाचा? मस्त आहे यार! अख्खं नेट शोधलं, कुठेच नाही."

आतून विकी ओरडला, "चोरलेला आहे तो. बंद कर."

"कुणाचा चोरला, पप्पा?"

"त्या मुखवटेवाल्यांचा."

"मी त्यांचं सगळं ऐकलंय. त्यांच्यावरून आमच्या वर्गात अजून मारामाऱ्या होतात. त्यांचा नाहीये हा. चोरलाय, तर ज्याचा चोरला तो कुठाय?"

विकी परसात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. पोर माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्याकडे बघणं मला काही जमलं नाही.

आता तुलाही जे माहीत नाही ते लिहितो. इथवर यायला मला तीन दिवस आणि चार कागद लागले.

तो रिफ कुठून आला, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बावखलावरच्या आपल्या मोटारीचा फूटवॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडची झडप, झिजला होता. पाण्याबरोबर हवा ओढायची ती. सहा ठोके, फट, दोन ठोके. आज करू, उद्या करू म्हणत मी तो कधी बदललाच नाही. विकी बालवाडीत होता तेव्हापासून रोज पहाटे त्याच्या झोपेत हे वाजत होतं. बायजा हसायची, "मोटारीला उचकी लागली बघा, कोन आठवन काढतंय तिची?" विकीला ते कधी वेगळं ऐकूच आलं नाही, आपल्या घराचा आवाज आपल्याला येत नाही तसा. पण त्याच्या बोटांना आला. तेव्हा चोरी म्हणायचीच तर त्याने ती आपल्याच घरात केली, आपल्याच बावखलातून.

आणि मी काय केलं? तू त्याला ते बोललास त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा फूटवॉल आणून बसवला. शेजारी हरखले, "हरेश्वरला मुहूर्त सापडला!" मी म्हटलं, पाणी कमी पडतंय. पाणी बख्खळ होतं. मला धास्ती होती की एखाद्या पहाटे विकी अंथरुणात उठून बसेल आणि म्हणेल, बाबा, हा तर माझा. तुझं खोटं टिकावं म्हणून मी खऱ्याचं तोंड बांधलं.

पोराच्या भल्यासाठी केलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. बायजा गेल्यावर संध्याकाळी घरात दिवा लावायला मीच एकटा उरेन, याला मी भ्यालो. तेवढ्यासाठी दोन पोरांच्या मैत्रीवर नांगर फिरवला.

जुना फूटवॉल मी टाकला नव्हता. का, ते विचारू नकोस. आज दुपारी बावखलात उतरून तो पुन्हा बसवला. गुडघ्याने शिव्या घातल्या. मोटार तीच आहे, चालू केली. उचकी जशीच्या तशी. दिपिका शाळेतून येत होती, ती फाटकातच दप्तरासकट थबकली. तिला काही सांगावं लागलं नाही. फक्त म्हणाली, "पप्पांना कधी सांगणार?"

आज. साडेसहाला तो कामावरून येतो. त्याआधी हे पाकीट दिपिका पेटीत टाकून येईल, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तो आला की आधी मोटार लावीन. मग बोलेन. सगळं माझ्या तोंडाने सांगेन, तुझ्यावर काही ढकलणार नाही. त्यानंतर तो मला बाबा म्हणेल की नाही, ते त्याने ठरवावं. मला मागायला तोंड नाही.

तुझ्याकडे मात्र एक मागतो. येत्या रविवारी मिस्सा आटोपून ये. दारावरची यादी ओलीने पुसट झाली आहे, तरी आकडे दिसतात, आणि पहिल्यासमोर अजून कोरंच आहे. खडू आणून ठेवलाय. या वेळी पंच लिहिणार नाही. त्याने तो हक्क गमावला. तुम्ही दोघं काय ते लिहा, नाहीतर भांडा. चहा मी ठेवीन.

शपथ ज्याने घातली त्यानेच ती सोडवायची असते. बायजाची शपथ सुटली, ज्युड. सुटली, सुटली, सुटली.

तुझा अपराधी,
हरेश्वरकाका