तांबडीचं पहिलं प्रदर्शन

अण्णा,

तुम्ही गेल्यावर या घरात पुन्हा एक घोडी आली होती, आणि आता ती गेलीसुद्धा. दोन्ही गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या. पडवीत बसून लिहिते आहे. आई आत झोपली आहे. ती दुपारची तासभर झोपते, तेवढा वेळ माझा असतो.

भाट्याच्या समुद्रावर पर्यटकांना घोड्यावर बसवणारा एक घाटावरचा माणूस होता. कचेरी सुटली की मी कधी कधी तिकडे जाऊन उभी राहायचे. बसायचं नसे, नुसतं बघायचं. एक दिवस त्याच्या एका घोडीचा पुढचा पाय सुजलेला दिसला म्हणून मी न विचारता खाली वाकले आणि गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवला. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरात घोडं होतं काय?" मी म्हटलं, "वडलांचा टांगा होता. एस्टी स्टँड ते मांडवी." त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला. दोन वर्षांपूर्वी तो धंदा आवरून गावी निघाला, तेव्हा त्याच्याकडे दीड वर्षाची एक शिंगरी होती, तांबडी, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका, बरगड्या मोजाव्यात अशी. "ही पाठीवर माणूस घेईल एवढी व्हायला वेळ हाय. माझ्याकडं उपाशी मरंल. तुम्ही ठेवा," म्हणाला. मी घरी विचारायलाही आले नाही. विचारणार तरी कुणाला? म्होरकीची दोरी धरली आणि पूल ओलांडून, बाजार चुकवून, तिला चालवत वर कातळावर घरी आणली. लोक बघत होते. एक म्हातारा रिक्षावाला थांबून म्हणाला, "टांगेवाल्याची पोर ना तू?" अण्णा, पन्नाशी ओलांडल्यावर कुणी आपल्याला पोर म्हणालं की काय होतं ते तुम्हाला कळलं असतं.

तिला खायला घालणं हेच दोन वर्षांचं काम झालं. तुम्ही म्हणायचात तसंच निघालं, पेंढ्यावर घोडं नुसतं उभं राहतं, भरत नाही. कातळावरचं गवत दिवाळीपर्यंत बरं, मग त्यात कस उरत नाही. भाजीच्या ट्रकवाल्याला सांगून मी कोल्हापूरकडून कडबा मागवायला लागले. सकाळी गव्हाचा कोंडा, थोडं मीठ. संध्याकाळी रात्रभर भिजवलेले हरभरे, आधी एक ओंजळ, महिन्याभराने दोन. आठवड्यातून दोनदा जवस शिजवून. जवस शिजायला लागले की घरभर तो बुळबुळीत वास सुटतो, आणि मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही चुलीपाशी उकिडवे बसून आईच्या आमटीच्या पातेल्यात जवस ढवळताय आणि आई दारात उभी राहून म्हणते आहे, "ह्या पातेल्यात मी परत आमटी करायची नाय हां." तुम्ही हसताय. "तिच्या अंगावर चकाकी बघ कशी येते ती." "माझ्या अंगावर कधी बघितलीत चकाकी?" तुम्ही ढवळत राहिलात.

त्याच काळातला एक दिवस मी विसरलेले नाही. मी दहा वर्षांची असेन. वैशाखात तुम्ही मांडवीच्या दोन फेऱ्या करून आलात, घोडी फेसाळलेली होती, आणि मला तिची एवढी दया आली की तुम्ही विहिरीवर गेलात तेव्हा मी हरभऱ्याचं अख्खं घमेलं ओढत नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तुम्ही परत आलात, घमेलं पायाने उडवलंत. मारलं नाहीत. मला दंडाला धरून पायरीवर बसवलंत आणि म्हणालात, "आता बस हितं. ती लीद टाकेपर्यंत उठायचं नाय. लीद अडली तर घोडं मरतं. जेवायला नाय, मुतायला नाय." मी बसले. तुम्ही तिला अंगणात फिरवत होतात, मधूनमधून तिच्या पोटाला कान लावत होतात. दिवेलागणीला तिने लीद टाकली आणि मी मोठ्याने रडले. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी येऊन टेकलात. "लाड करायचे ते ओंजळीनं करायचे गो. घमेल्यानं नाय." दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा खरारा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, यापुढे सकाळचा खरारा तुझा. आईला वाटलं ही शिक्षाच आहे. माझ्यासाठी ते बक्षीस होतं, अजून आहे.

तुमच्या मनात घोडी एकदा प्रदर्शनात उभी करायची होती, ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या घोडीच्या खांद्यावर जोताचे घट्टे होते, पाठीवर केस गेलेले चट्टे होते. कुणी सुचवलं की तुम्ही म्हणायचात, "कामाचं जनावर आहे, त्याला काय नटवायचं?" रेल्वे आली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, स्टेशनावर टांगा लागेल. स्टेशन पडलं लांब वर, आणि पहिल्या दिवसापासून तिथे रिक्षांची रांग. त्यानंतर प्रदर्शनाचा विषयच निघाला नाही.

तांबडीच्या अंगावर मात्र एकही खूण नव्हती. तिला कधी जुंपलं नाही, पाठीवर खोगीरसुद्धा चढलं नाही. चार महिन्यांपूर्वी लस टोचायला आलेले डॉक्टर तिच्याभोवती फिरून म्हणाले, "चिपळूणला जनावरांचं प्रदर्शन भरतंय, यंदा घोडेपण घेणार आहेत. हिला उभी करा. सगळे घाटावरचेच येतील, आपल्याकडचं कुणीतरी नको का?" मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की मलाच हसू आलं.

तीन महिने मी रोज सकाळी तासभर आधी उठले. खरारा, मग ओल्या फडक्याने डोळे, नाकपुड्या. अयाळ विंचरून एका बाजूला पाडायची. इथे नालबंद मिळत नाही, म्हणून खूर मीच कानशीने घासून सारखे केले आणि वर खोबरेल लावलं. अंगणात तिला चारी पाय सारखे ठेवून उभं राहायला शिकवलं. आधी दहा आकडे मोजेपर्यंत, मग पन्नास. म्होरकीला धरून तिच्या बाजूने पळायचं, म्हणजे ती दुडकी चालते. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "तुझंच प्रदर्शन हाय काय गो?" गर्दीची सवय व्हावी म्हणून मी तिच्यापुढे मोबाईलवर बँडबाजा लावायचे. पहिल्यांदा ती उधळली. नंतर नंतर बँड वाजला की कान पुढे करून उभी राहायची, जणू वरातच यायची आहे.

आता आईचं सांगते. तुम्हाला ती माहीत आहे तशी ती राहिलेली नाही. आधी आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग देवळातून घरी यायची वाट चुकली. मग एका सकाळी तिने मला विचारलं, "हे अजून कसे आले नायत?" मी पहिल्यांदा खरं सांगितलं. ती तेव्हाच ऐकल्यासारखी रडली. त्यानंतर मी खरं सांगणं सोडलं. तांबडी आली आणि आई तिला "ह्यांची घोडी" म्हणायला लागली. सगळा जन्म हिच्या लिदेत गेला म्हणून तुम्हाला बोलणारी आई, तासन्तास गोठ्याच्या दारात पाटावर बसून तिच्याशी बोलायची. घोडीसुद्धा मान खाली करून तिच्या पदराचा वास घ्यायची. मला ते बघून बरं वाटायचं.

प्रदर्शन रविवारी होतं. शनिवारी सकाळी मी घोडीच्या तब्येतीचा दाखला आणायला दवाखान्यात गेले. त्याशिवाय आत घेणार नव्हते. काकूंना आईजवळ बसवलं. डॉक्टर खेडेगावात गेलेले, यायला उशीर झाला. मी घरी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. काकू भात टाकायला म्हणून घरी गेल्या होत्या. आई पायरीवर बसलेली, हातपाय धुतलेले, तोंड आनंदाने फुललेलं.

"आलीस? मी घातलं हो तिला. उद्या ह्यांना लांब जायचंय ना? ती उपाशी कशी जाईल?"

"काय घातलंस आई?"

"हरभरे. सगळे. आवडीनं खाल्लेन."

हरभऱ्यांचा डबा आडवा पडलेला होता. बादली तळापर्यंत चाटलेली. हरभरे कोरडे होते, अण्णा, भिजवलेले नव्हते. वर ती पोटभर पाणी प्यायली होती, आता ते आत फुगणार होते. ती कोपऱ्यात उभी होती आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. पोटात कळ आली की घोडं असं बघतं, ते बघणं तुम्ही मला ओळखायला शिकवलं होतंत.

मी फोन केल्यावर डॉक्टर तासाभरात आले. त्यांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं. "किती खाल्लं?" मी म्हटलं, डबाभर. "कोरडे?" मी मान हलवली. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "इतकी वर्षं घोडं बघताय, तुम्हीच घातलेत?" आई माझ्यामागे उभी होती. मी म्हटलं, "हो, मीच." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं.

मी तिला अंगणात फिरवत राहिले. ती बसायची, लोळायची, मी ओढून उठवायचे. पोटाला कान लावला तर आत काहीच वाजत नव्हतं. खरारा करून चकाकवलेलं सगळं अंग घामाने काळं पडलं. पाचच्या सुमाराला ती एकदम शांत झाली. धडपड थांबली, मान माझ्या खांद्यावर ठेवून उभी राहिली. मला वाटलं, उतरलं. मी डॉक्टरांकडे बघून हसलेसुद्धा. ते म्हणाले, "ताई, हे चांगलं लक्षण नाही. आत फुटलं असावं." पाऊण तासाने ती पडली ती उठली नाही. आई आली, वाकून बघितलन, म्हणाली, "दमली गो. निजूदे तिला." आणि आतून आपली गोधडी आणून तिच्यावर घातलीन.

कातळात कुदळीने काय होणार? त्याच संध्याकाळी जेसीबी बोलावला. मी गोधडी काढून घेतली नाही.

सकाळी सहाला घोडीला न्यायला ठरवलेला टेम्पो दारात. त्याला कळवायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चालक मागची फळी खाली पाडून उभा राहिला. "घोडी कुठाय, ताई?" मी सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "मग मी जातो." मी म्हटलं, थांबा. काकूंना हाक मारून आईजवळ बसवलं, चपला घातल्या आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले. "चला चिपळूणला." त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. मागे रिकाम्या हौद्यात त्याने घोडीसाठी पसरलेला पेंढा होता. घाटात वळण आलं की तो इकडून तिकडे सरकायचा आवाज येत होता.

मैदानात मंडप, लाऊडस्पीकर, बँड. मी दोरीच्या बाहेर उभी राहिले. तांबडीच्या वयाच्या सात शिंगऱ्या आल्या होत्या. स्पीकरवरून आठवा क्रमांक पुकारला, रत्नागिरी म्हणून. दोनदा पुकारला. मग ते आमच्यासाठी न थांबता पुढे गेले. मी सगळं संपेपर्यंत बघितलं, टाळ्याही वाजवल्या.

घरी आले तर आई विचारते, "काय झालं गो? नंबर लागला?" तिला नेमकं हेच कसं आठवलं, देव जाणे. मी म्हटलं, "पहिला." ती म्हणाली, "ह्यांना सांग हां आल्यावर." आता रोज संध्याकाळी ती विचारते, घोडीला घातलंस का. मी घातलं म्हणते. गोठ्याच्या दाराला मी कुलूप लावलं आहे. ती कुलूप हलवून बघते आणि परत येऊन पाटावर बसते. हे किती दिवस चालेल ठाऊक नाही. ती विसरेल तोवर, किंवा ती असेल तोवर. त्यानंतर या घरात सांगायला मी एकटीच असेन, आणि विचारणारं कुणी नसेल.

आई उठली आहे, बांगड्यांचा आवाज येतो आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहून टाकते. डॉक्टर, काकू, टेम्पोवाला, सगळ्यांना मी सांगितलं की आपली उभी राहिली असती तर तिने सगळ्यांना मागे टाकलं असतं. नसतं टाकलं, अण्णा. पहिली आली ती घोडी आपल्या तांबडीपेक्षा हातभर उंच होती आणि काय चालत होती. आपलीचे मागचे पाय गुडघ्याशी आत वळत होते. ते मला पहिल्याच दिवशी, भाट्याच्या पुलावरच दिसलं होतं.