चाळीस बुड्या

१४ जाने., बुध. बुडी ९.
रंग – कोकम. सकाळी लघवीत रक्ताची एक गाठ पडली, करंगळीच्या नखाएवढी. यमुनाला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. चादर मात्र मी उठायच्या आत धुवून वाळत.
मोठे डॉक्टर बोलले ते इथे लिहून ठेवतो, मागाहून मीच मला फसवायला नको. चार वर्षांपूर्वी किरणांचे शेक दिले, प्रोस्टेटचा कॅन्सर गेला, पण शेकाने लघवीची पिशवी आतून भाजली. तिच्यातून आता रक्त गळतं. टाकीत बसून दाबाखाली ऑक्सिजन घ्या, चाळीस वेळा. थांबलं तर थांबलं. नाही तर पिशवी काढायची आणि पोटावर बाहेरून दुसरी लावायची.
टाकी म्हणजे आडवा टँकर. आयुष्यभर टँकर मी भरले, आता मला भरतायत. दार लावून दाब चढवला की इथे त्याला बुडी म्हणतात. कान दडपतात, खंडाळ्याचा घाट उतरताना होतं तसं. नाक दाबून फुंकायचं. दुखलं तर हात वर करायचा, मग बाहेरची प्राची दाब थांबवते.

१५ जाने., गुरु. बुडी १०.
रंग – कोकम.
अंगावर फक्त सुती कपडे. घड्याळ, मोबाईल बाहेर. डोक्याला तेल नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल म्हणजे आगीला आमंत्रण, प्राची रोज दारात डोकी हुंगते. साठ वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं इतकं कोरडं. मिठागरात आलेल्या पाहुण्या बगळ्यासारखा दिसतो.
पहिल्या बॅचला दिवेआगरचे एक मास्तर आहेत, रिटायर. माझाच आजार. पनवेलला मुलीकडे राहतात. त्यांची पंचविसावी. जाता जाता म्हणाले, "शेठ, पंधराव्याला माझं नितळ झालं. शहाळ्याचं पाणी जसं."
अभिनंदन केलं. हातही मिळवला. टाकीत दोन तास तेच शहाळं डोक्यात.

१७ जाने., शनि. बुडी १२.
रंग – कोकम.
टाकीला एक गोल खिडकी आहे, जाड काचेची. मास्तरांची मुलगी एकनंतर न्यायला येते. तोवर ते बाहेरच्या बाकावर, यमुनाच्या शेजारी. माझी बॅच आत. खिडकीतून बाक बरोबर दिसतो.
यमुना हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.
आवाज शून्य. गाडी गेटात शिरायच्या आधी कुठला नोझल कुरकुरतो ते मी ऑफिसात बसून सांगतो. ड्रायव्हर माझ्यामागे काय बोलतात ते मला पुढून ऐकू येतं. आणि माझी बायको बारा फुटांवर हसते तर मला फक्त दात दिसतात.
गाडीत विचारलं, काय एवढं हसत होतीस. "काय न्हाय अवो. अशेच गप्पा."

२० जाने., मंगळ. बुडी १४.
रंग – कोकम, थोडा चहा? नाही, कोकमच.
मास्तरांनी यमुनाला रोठा सुपारी दिली, वाडीतली. चक्रीवादळात झाडं आडवी झाली होती, त्यातून उरलेल्या झाडांची. तिने ती पर्समध्ये ठेवली. घरी डब्यात नाही, पर्समध्ये.
आज परत हसली. दोनदा. मोजलं.
घरी? घरी मी विचारतो गोळी कुठे, ती म्हणते टेबलावर. एवढाच संवाद.

२२ जाने., गुरु. बुडी १६.
पंधरावी काल झाली. रंग – कोकम. शहाळं नाही, काही नाही.
मास्तर म्हणाले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं, शेठ." माणूस चांगला आहे. त्याचाच जास्त राग येतो. वर हेही म्हणाले की एकतीस बुड्यांत त्यांनी एकदाही हात वर केला नाही.
मी आजवर तीनदा केलाय. आता नाही करणार.

२७ जाने., मंगळ. बुडी १९.
सर्दी. सांगितली असती तर आठवडा घरी बसवलं असतं आणि मास्तर आणखी पुढे गेले असते. चोंदलेलं नाक घेऊन बसलो. उजव्या कानात खिळा ठोकल्यासारखं झालं. हात मांडीखाली दाबून धरला. समोरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी हसलो.
रंग – बघितला नाही.

२८ जाने., बुध. बुडी २०.
कान ठणकतोय. आवाज विहिरीतून आल्यासारखा. रंग – चहा. आनंद व्हायला हवा होता.
यमुना अंघोळीला गेल्यावर आईची रीत केली. खोबरेल तेलात लसूण कडकडवून कोमट दोन थेंब, वर कापूस. थोडा आराम.

२९ जाने., गुरु. बुडी नाही.
प्राचीने दारातच धरलं. "काका, लसणीचा वास येतोय." कापूस काढला, तेलाने पिवळा. सगळ्या बॅचसमोर. "आतल्या सगळ्यांचा जीव आहे काका, असं कोणी करतं?" पोर बरोबर बोलली. माझ्या टँकरवर कोणी विडी पेटवली असती तर मी कानफटात दिली असती.
डॉक्टरांनी कान पाहिला. पडदा लाल, आत पाणी. पाच दिवस बंदी. "हात का नाही वर केलात?"
मास्तरांची मुलगी यायला वेळ होता, म्हणून यमुना म्हणाली थांबू. तर मी पहिल्यांदा त्या बाकावर. डावा कान त्यांच्याकडे करून, डोळे मिटून.
मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, ती सळीची गोष्ट अर्धी राहिली काल."
यमुना म्हणाली, "झोपलेत का बघा आदी." मग सुरू. लग्नाला महिना झालेला, मिठाच्या गोणी भरलेला आमचा पहिला ट्रक, भागीतला. पेणच्या अलीकडे मी गाडी थांबवली. लोखंडी सळीचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं तिच्या कानाला. म्हटलं, ऐक, तिसऱ्या सिलिंडरचं पोट दुखतंय.
"मंग? आलं ऐकू?" मास्तर.
"काय कप्पाळ ऐकू येतंय! नुसती घरघर. पन इतका खूश दिसत होता तो, मी बोल्ले, व्हय, ऐकू येतंय."
आणि तेच हसू. या वेळी आवाजासकट.
मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय की माझ्या बायकोचा कानही माझ्यासारखा तयार आहे.

३० जाने., शुक्र.
घरी. रंग – चहा.
म्हणजे रोज माझ्याच गोष्टी. सुटल्यासारखं वाटायला हवं. रात्रभर वाटलंही. सकाळी आरशात बघितलं आणि परत जळलो. ती हसते ते त्या सळीवाल्यावर. "तो" म्हणाली, एकेरी. मला "अवो". त्या पोराकडे एक ट्रक होता, तोही अर्धा, आणि तिला खोटं बोलायला लावील एवढा आनंद.
दुपारी म्हटलं, मलाही सांग की एखादी जुनी गोष्ट. म्हणाली, "तुमाला काय सांगू? तुमी होतात की तिथं." आणि पापड उलटायला गेली.

३ फेब्रु., मंगळ.
मास्तरांची चाळिसावी. आमच्या मिठागरातलं पांढरं मीठ पाच किलो घेऊन आम्ही मुद्दाम गेलो. मास्तर म्हणाले, "शेठ, तुम्हाला बघायच्या आधीच मी तुम्हाला ओळखत होतो." मग डोळे पुसले. त्यांच्या घरी गोष्ट सांगणारं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं, हे मला आज कळलं. यमुनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
तरी त्यांचं नितळ आहे. त्याचं काय करू?

५ फेब्रु., गुरु. बुडी २१.
उजवा कान अजून अर्धा. आज दाब चढताना दोनदा हात वर केला. टाकी थांबली, पाच माणसं खोळंबली. समोरच्या बाईंनी तेवढ्यात आपलंही नाक दाबून फुंकून घेतलं.

७ फेब्रु., शनि. बुडी २३.
रंग – चहा. किंचित फिका? ट्यूबलाइटखाली पाहिला. उद्या उन्हात बघतो.
सतरा उरल्या. मोठे डॉक्टर तिसाव्यानंतर दुर्बीण घालून बघणार.
खिडकीतून बाक दिसला. यमुना एकटी. सुपारी कातरत होती. मग वर बघितलं, सरळ काचेकडे, आणि ओठ हलले. बराच वेळ. शेजारी कोणी नव्हतं.
बाहेर आल्यावर विचारलं, काय बोलत होतीस. गाडीत बसताना तिने सांगितलं. मी स्टिअरिंगवर, ती डावीकडे, पण रस्त्यावर डंपर चाललेले आणि मान वळवायला उशीर झाला. मोठं वाक्य होतं, माझ्यापर्यंत नुसती घरघर आली. शेवटी हसली. मग माझ्याकडे बघत राहिली.
"आलं का ऐकू?"
"व्हय," म्हटलं. "ऐकू येतंय."