चर्चच्या छपराखाली बाबा

ताई, तुला अबुधाबीहून वाकून नमस्कार.

आधी गुन्हा सांगतो, मग शिव्या घाल. मी बाबांचं तोंड एका चर्चला चिकटवलंय.

प्रदर्शनासाठी आमचं वर्कशॉप फ्रान्सच्या खेड्यातल्या आठशे वर्षांच्या चर्चची प्लास्टरची नक्कल करतंय. चर्च एवढंसं, भिंती जाडजूड, खिडक्या फटीएवढ्या. छपराखाली मात्र दगडी तोंडांची रांग. कुणी जीभ काढतंय, कुणी दाढ धरून बसलंय. ज्या फोटोंवरून आम्ही बनवतोय, त्यांत एक तोंड फुटलेलं होतं. फोरमन म्हणाला, "कुछ भी बना दे, यल्ला!" म्हणजे इकडच्या भाषेत चल, आटप. मी बाबांचं बनवलं. आपला पेणचा गणपतीचा कारखाना सोडून निघालो तेव्हाचं, भडकलेलं.

काम तपासायला आलेल्या पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी नेमकं तेच पकडलं. म्हटलं, गेली नोकरी. पण त्या हसल्या. "तिकडचे जुने गवंडीही ओळखीच्यांची तोंडं कोरायचे म्हणतात. राहू दे."

तब्येत बरी आहे. बाबा माझं नाव काढतात का गं? मी रोज त्यांच्यासमोर बसूनच डबा खातो. एकट्याला जेवण जात नाही.

पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नको. रागावतील म्हणून नाही गं, मिशी नीट जमली नाही म्हणतील.

तुझा दिगू