आईचा बेसूर पाळणा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडणं आता घरात कुणाला जमत नाही. भाऊ तर तुमच्या फोटोला रोज हार घालतो. मला मात्र जमतं. आज सकाळपासून फारच जमतंय, म्हणून लिहायला बसले.

वडवणीत तुम्हाला कापडदुकानदार म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तुम्ही ‘गाणारे आप्पा’. बारशाचा पाळणा खरं तर बायकांनी म्हणायचा, पण तेलगावच्या बागायतदारांपासून घाटनांदूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत लोक तुम्हाला मुद्दाम बोलावून न्यायचे. दुकान आईच्या गळ्यात टाकून, इस्त्रीचं धोतर नेसून, पेटी एसटीच्या टपावर चढवून तुम्ही जायचात आणि परक्यांची लेकरं मांडीवर घेऊन गायचात. बायका पदरानं डोळे पुसत. मी एक-दोनदा तुमच्याबरोबर आले होते. लेकराकडे तुम्ही बघतसुद्धा नव्हतात. तुमचं लक्ष डोळे पुसणाऱ्यांकडे असायचं. घरी तुम्ही कधी गायला नाहीत. घरी डोळे पुसणारं होतं कोण?

मी सातवीत असताना, फार वर्षांच्या अंतरानं, भाऊ झाला. आई त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना काहीतरी गुणगुणायला लागली, तर तुम्ही पेटीवरचा हात तसाच थांबवून ओरडलात, “बंद कर ते! फुटकी घागर हाय तुझ्या गळ्यात. लेकराचा कान नासंल.”

“आवं, इवलुसं लेकरू ते. त्याला काय कळतंय?”

“कळतंय म्हनूनच सांगतो. गाणाऱ्याच्या पोराच्या कानावर खोटा सूर पडाय नगं.”

आईनं तोंड मिटलं. नुसतं गाणंच नाही, त्याच्याशी बोलणंही तिनं हळूहळू सोडलं, कारण तिच्या बोलण्यातही कधीकधी चाल यायची आणि तुम्ही तेवढ्यासाठीही मान वर करायचात. तिच्या जागी तुम्ही काय आणलं? टेपरेकॉर्डर. लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा, दोन स्पीकरचा. तेव्हा गल्लोगल्ली कॅसेटची दुकानं निघाली होती. बीडच्या एका दुकानदारानं भिंतींना गोधड्या टांगून केलेल्या खोलीत तुमचे पाळणे भरून घेतले. वरच्या कागदावर तुमचा फोटो, खांद्यावर मागून आणलेली शाल. “आता कॅसेट कंपन्यांचे दिवस आलेत,” म्हणत तुम्ही ती कॅसेट पाळण्याशेजारी दिवसभर लावून ठेवायचात. भाऊ आढ्याकडे बघत पडून राहायचा. शेजारपाजारची त्याच्या वयाची लेकरं हुंकार देत होती, बा-बा दा-दा करत होती. आमचा गप्प. तुम्ही अभिमानानं सांगायचात, “बघा, कसा ध्यान लावून ऐकतोय.” ध्यान! आप्पा, तुमच्या गाण्यापुढं त्या लेकराला बोलायला जागाच नव्हती.

मग तो बाजारचा दिवस. बीडचा कॅसेटवाला आणि तुमच्या भजनातले चार जण दुकानामागच्या खोलीत चहाला बसले होते. कॅसेट चालू होती. तुम्ही स्वतःच्याच तानेवर मान डोलावत होतात. मधेच वीज गेली आणि तुमचा आवाज जडावत, घोगरा होत बंद पडला. भाऊ किंचाळायला लागला. तुम्ही म्हणालात, “आत ने त्याला.” आईनं उचललं, पण आत गेली नाही. तिथेच उंबऱ्यावर बसली, त्याला समोर धरलं आणि पाहुण्यांदेखत म्हणायला लागली:

“आलं आलं ऊन, गेलं गेलं ऊन, माझं सोनं बसलं गूळ खाऊन.”

तिनं बसल्या जागी रचलेलं. चाल कुठून कुठे जात होती, देव जाणे. भाऊ रडायचा थांबला. तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला. ओळ संपली तशी ती थांबली, आणि तो म्हणाला, “ऊऊ.” तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबली. “ऊऊ.” कॅसेटवाला खूश होऊन हसला. “आप्पा, पोरगं गातंय की हो!”

“गाणं न्हाई ते, रडगाणं हाय,” तुम्ही म्हणालात. “बंद कर म्हनलो ना.”

आईनं तुमच्याकडे बघितलंही नाही. “न्हाई करत,” म्हणाली, आणि पुढची ओळ रचली.

तुम्ही पाहुण्यांकडे वळून हसलात. “आमच्या घरातली हीच एक खोटी तार.” कुणीच हसलं नाही. वीज आली, टेप आपोआप सुरू झाला, तो मी उठून बंद केला. त्यानंतर श्रावण लागेपर्यंत तुम्ही आईशी बोलला नाहीत. तिला उसंत होती कुठे ते लक्षात यायला? ती भाकरी थापताना गात होती, कापड मोजताना गात होती. भाऊ उशिरा का होईना, बोलायला लागला. आता त्याचं औषधाचं दुकान आहे आणि तो इतका बोलतो की गिऱ्हाईक कंटाळतं. कॅसेटी कुणी घेतल्या नाहीत. त्याचंही खापर तुम्ही आईवरच फोडलंत. लोकांना सांगत फिरलात, “घरातून साथ न्हाई मिळाली.”

पुढं मी अंगणवाडीत लागले. प्रशिक्षणात बाई शिकवायच्या की बाळाला आपल्याकडे बघणारं तोंड लागतं, आणि आपण थांबून त्याला उत्तर द्यायला सवड द्यायची असते. सगळ्या जणी लिहून घेत होत्या. मी म्हटलं, हे शेळीलाही कळतं. आमच्या आप्पांना तेवढं कळलं नव्हतं.

आज सकाळी पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिचं बाळ किरकिरत होतं. मी मोबाइलसमोर तोंड नेऊन गायला लागले. लेक खो-खो हसली. “आई, किती बेसूर गं! थांब, मी दुसरं काहीतरी लावते.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मग लाव की! मला कशाला फोन केलास?” म्हणाले आणि फोन कापला. कापला तेव्हा पडद्यावर बाळ अजून माझ्याकडेच बघत होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. खरं तर आधी लेकीला फोन करायला हवा होता. दुपार झाली, अजून केलेला नाही.