होडीतली माणसं किती

बाबा,

तुम्ही कसे गेलात ते गेल्या चाळीस वर्षांत मी पुष्कळांना सांगितलं. हवामान, अंतर, हृदयाचं दुखणं, सगळं क्रमाने. त्यातली एक गोष्ट मी दर वेळी गाळली, आणि ती तुम्हालाच सांगायची आहे. मी आता अडुसष्टचा आहे. तुम्ही बासष्टचे होतात. तेव्हा या खेपेला मध्ये बोलायचं नाही, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यायचं.

शुक्रवारी तुम्ही रिटायर झालात आणि सोमवारी नदीवर वल्ही मारायला गेलात. अमेरिकेतल्या आपल्या पिस्कॅटवे गावातले बाकीचे मराठी काका पत्ते कुटत होते, रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना करत होते, आणि तुम्ही तळहातावरचे फोड आईला अभिमानाने दाखवत होतात. "साठी बुद्धी नाठी," ती म्हणायची आणि हळद लावायची. नदीवर तुम्हाला लवकर रिटायर झालेला एक भूगोलाचा शिक्षक भेटला. त्या अमेरिकन माणसाला तुम्ही मास्तर म्हणायचात आणि त्यालाही ते आवडायचं. दोन वर्षं तुम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर अलास्काचा नकाशा पसरून बसलात. उन्हाळ्यात बर्फ फुटलं की आर्क्टिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत वल्हवत जायचं, असा बेत. शेवटी आईने मला माझ्या नोकरीच्या गावी, सांता क्लाराला, फोन केला. "त्यांना थांबवणं माझ्या हातात नाही. तू बरोबर जा. होडीत कुणीतरी आपलं हवं." मी सुट्टी घेतली, पण मनातून चिडलोच होतो. शाळा, कॉलेज, नोकरी, कशातही तुम्ही मला कधी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. ही ट्रिपही आईकरवी सांगितलीच गेली.

निघायच्या आदल्या दिवशी आई वाटेसाठी दशम्या लाटत होती. एकदम तिचं लाटणं थांबलं. "म्हणजे तुम्ही तिघं? तीन तिगाडा, काम बिगाडा. कॅन्सल करा, नाहीतर चौथा माणूस बघा."

"अगं, कुठून आणू आता चौथा?" तुम्ही म्हणालात. "चौथी सीट रिकामीच आहे होडीत."

ती मागच्या अंगणात गेली, मुठीएवढा एक खडा घेऊन आली, धुतला आणि त्याला कुंकवाचं बोट लावलं. तिघं कामाला निघाले की खडा बरोबर घ्यायचा, म्हणजे तो चौथा. तिच्या माहेरी बाजाराला जातानासुद्धा हेच करत. तुम्ही इंजिनिअर माणूस, हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मुकाट्याने खडा रुमालात बांधलात. मास्तरांना मी समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "गुड. ही वोन्ट ईट मच."

तिथे रात्र नव्हती. सूर्य क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहायचा आणि आपण घड्याळ बघून झोपायचो. पाणी राखाडी, इतकं निश्चल की वल्ह्यावरून निथळणारे थेंब ऐकू यायचे. वल्हवणाऱ्याला आपण जिथून आलो ते दिसतं, जायचं ते पाठीशी असतं. सगळ्यांत मागच्या सीटवर तुम्ही, तुमच्या पाठीकडे बघत मी, माझ्या पाठीशी मास्तर, आणि त्यांच्याही पाठीशी, होडीच्या नाकाजवळ, चौथ्या सीटवर तो खडा. त्याच्याकडे बघायचं तर वल्हवणं थांबवून वळावं लागायचं. जेवताना तुम्ही त्याच्यापुढे भाताची चार शितं ठेवायचात. "तुझ्या आईला सांगायला बरं," तुम्ही म्हणायचात. शितं कधी उरली नाहीत. पक्षी खात असतील असं आपण धरून चाललो, पण चार-चार दिवस एकही पक्षी दिसला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी तुम्ही तंबूमागे जिभेखाली गोळी ठेवताना मी पाहिलं. डावा खांदा चोळत होतात. माझी चाहूल लागताच डबी खिशात टाकून दात घासायला लागलात. तुमच्याशी असं काही बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती. थोड्या वेळाने धुकं उतरलं, आणि धुक्यात मला तो आवाज पहिल्यांदा आला. आपल्या तिघांची वल्ही एकदम पाण्यात पडायची, आणि क्षणभराने आणखी एक जोडी. आपण थांबलो की ती एकदा जास्त पडून थांबायची.

"इको," मास्तर म्हणाले.

"इको यायला समोर भिंत लागते. इथे कुठाय भिंत?" असं म्हणून तुम्ही मला दटावलंत, "तू रिदम सोडू नकोस."

दुपारी धुकं उठलं आणि आपण आलो त्या बाजूला, पाण्याच्या जरा वर, हवेतच एक होडी दिसली. लांबट आणि थरथरणारी. तिच्यातली माणसं आपल्याकडे पाठ करून वल्हवत होती, म्हणजे आपल्याच मागून येत होती. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हे मृगजळ आहे, बर्फालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की लांबची वस्तू अशी उचलून दिसते. ते खरंच असेल. पण आपण वल्ही उचलली की तीही उचलत होती. "आय काउंट फोर," मास्तर म्हणाले. ती आपलीच होडी आहे आणि चौथ्या सीटवर कुणीतरी आहे, असं म्हणून त्यांनी परत फिरायचा हट्ट धरला. मागचं गाव एका दिवसावर होतं आणि तिथे विमान उतरायचं. पुढचं गाव चार दिवसांवर होतं.

तुम्ही कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलंत. मग मान वळवून मला विचारलंत, "तुझे डोळे तरुण आहेत. तुला किती दिसतात?"

चार दिसत होती, बाबा. तिघं वाकत होती, आणि होडीच्या नाकाशी बसलेला चौथा एक क्षण उशिरा वाकत होता. चार म्हटलं असतं तर आपण वळलो असतो आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरसमोर बसला असतात. मला ती गोळी माहीत होती. मी म्हणालो, "तीन."

तीन दिवसांनी सकाळी तुम्ही चहाला थांबू म्हणालात, वल्ही आत घेतलीत आणि पुढे वाकलात. मला वाटलं, बुटाची नाडी बांधताय. नंतर मास्तरांनी आणि मी हातातली वल्ही सोडली तरी होडीचा वेग कमी झाला नाही. प्रवाह असेल. मी पाठीमागे वळून पाहिलं नाही. तुम्हाला तंबूच्या कापडात गुंडाळून आम्ही दोघांनी दीड दिवस वल्हवलं. गावाच्या किनाऱ्यावर एक म्हातारी दुर्बीण घेऊन उभी होती. तिने थर्मासमधून तीन कप चहा ओतून ठेवला होता, कारण दुर्बिणीतून तिने तिघांना वल्हवताना पाहिलं होतं. तिसरा कुठे, असं तिने विचारलं तेव्हा मास्तर रडायला लागले. काय करावं ते न कळून मी तो तिसरा कपही पिऊन टाकला. खडा तिथेच वाळूत ठेवून आलो. आईने त्याचं काही विचारलं नाही. "तू होतास ना जवळ, तेवढं पुरे," इतकंच म्हणाली, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी बापाला मारलं, हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. व्यायामासाठी गॅरेजमध्ये वल्हवायचं मशीन घेतलंय. त्यावर बसलो की अजून कधीकधी पाठीमागे एक जोडी उशिरा पडते.

गेल्या महिन्यात मास्तर गेले, पंच्याण्णवाव्या वर्षी. त्या प्रवासात तुम्ही रोज लिहायचात ती रोजनिशी त्यांच्याकडेच राहिली होती; त्यांच्या मुलीने ती मला पाठवली. वडिलांना ही लिपी वाचता येत नव्हती पण त्यांनी कधी टाकूही दिली नाही, असं तिने लिहिलंय. नवव्या दिवशीची नोंद तुमच्या अक्षरात अशी आहे: "सकाळी धुकं. दुपारी मागे मृगजळ. होडीत माणसं चार. चिरंजीव तीन म्हणतात. पुढे जाऊ."

म्हणजे तुम्हीही चारच मोजली होतीत. मग मला कशाला विचारलंत? तुम्हाला परत फिरायचं नव्हतं आणि मास्तरांना ते दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं, एवढंच का? की मी तुम्हाला थांबवतो का, ते बघत होतात? महिनाभर मी ती ओळ उलटसुलट वाचतोय आणि काही उमगत नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही, तुमच्या त्या वहीतच घालून ठेवीन. पण वर पश्चात्तापाचं जे लिहिलं ते अर्धंच खरं आहे, हे कबूल करायला हवं. जन्मात एकदाच तुम्ही मला काही विचारलंत, आणि माझं ऐकलंत. पुन्हा विचारलंत तर मी पुन्हा तीनच म्हणेन.