दाराचा स्विच

विद्यापीठ वसतिगृह, पुणे
१० ऑगस्ट १९९७

ती. दादास,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. ती बांधायच्या आधी हे पत्र वाच, कारण नंतर वाचायचा तुझा मूड राहील असं वाटत नाही.

आमच्या एम.टेक.ला यंदा मॉडेल चेकिंग नावाचा विषय आहे. मे महिन्यात तू मोठ्या हौसेने दिलेला तुझ्या लिफ्ट-पॅनेलचा प्रोग्रॅम मी त्यात प्रकल्पाला घेतला. तुम्ही लोक चाचणी घेता तेव्हा सुचेल तेवढंच करून बघता. इथे लिफ्ट कोणकोणत्या स्थितीत असू शकते आणि तिथून पुढे काय काय घडू शकतं, ते सगळं कंप्यूटर चाळून काढतो. कुठे चूक सापडली, तर तिथवर पोचायची वाटही छापून देतो.

तुझी वाट सापडली आहे. लिफ्ट मजल्याला लागते, दार अजून बंद असतं आणि तेवढ्यात लाइट जातात. आतलं माणूस दार उघडतं. लाइट परत येतात. तुझ्या प्रोग्रॅमला मघाचं ‘दार बंद’ एवढंच आठवतं. तो पुन्हा काही न विचारता लिफ्ट खाली सोडतो. तेव्हा ते माणूस अर्धं आत, अर्धं बाहेर असतं.

नेरूळच्या ज्या इमारतीत हे पॅनेल बसवलंस, तिथेच चौथ्या मजल्यावर तू आईला घेऊन राहतोस. गणपतीआधी ती लिफ्ट बंद ठेव. सोसायटीला तू सांगतोस की मी लिहू?

लोभ आहे. टिकवायचा की नाही, ते तुझ्यावर.
उत्कर्षा

*

शिरवणे
१९ ऑगस्ट १९९७

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद.

राखी पोचली. पाकिटातच आहे.

तुला शिकवायला मी इथे शिरवण्यात वर्कशॉप टाकलं, पोटाला चिमटा घेतला, आणि तू माझाच माल चार पोरांसमोर फाडून बघतेस? वर सोसायटीला लिहिण्याची धमकी? इथे बिल्डरचं टेन्शन, इन्स्पेक्टरचं टेन्शन, त्यात घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

आता नीट ऐक. मोटरला करंट जायचा तर दाराचा स्विच दाबलेला लागतो. तो प्रोग्रॅममध्ये नाही, सरळ वायरीत आहे. प्रोग्रॅम हजार वेळा म्हणो ‘चल’, दार उघडं असेल तर मोटर जागची हलणार नाही. हे तुझ्या सरांना ठाऊक आहे का? त्यांनी कधी लिफ्टची मशीनरूम बघितली आहे का? पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका म्हणावं.

खाडीच्या खाऱ्या हवेने ते स्विच गंजतात, लिफ्ट अडते, लोक माझ्या नावाने शंख करतात. त्यावरही आमच्याकडे इलाज आहे. तो तुमच्या पुस्तकात सापडायचा नाही.

आई बरी आहे. तिच्या डोक्यात हे खूळ भरू नकोस.
कुलदीप

*

पुणे
२७ ऑगस्ट १९९७

ती. दादास,
नमस्कार.

राखी पाकिटातच ठेवलीस हे आवर्जून कळवलंस, आभारी आहे. तुझ्या कमाईवर शिकले, हे मी विसरावं अशी तू कधी सोयच ठेवली नाहीस.

तुझा स्विच मी मॉडेलमध्ये घातला आणि चूक नाहीशी झाली. हे कबूल करायला मला लाज नाही. पण त्यासाठी वर गृहीत म्हणून एक ओळ लिहावी लागली, की दाराचा स्विच कधीही खोटं सांगत नाही. सरांनी विचारलं, हे कशावरून? मी म्हटलं, भाऊ म्हणतो. त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली, तीच मला जास्त लागली.

तेव्हा ती ओळ मला लेखी दे. आणि गंजलेल्या स्विचवरचा तो इलाज कोणता, तेही लिही. ते सांगताना पत्र एकदम आटोपतं घेतलंस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

उत्तराची वाट बघते, लोभाची नाही.
उत्कर्षा

*

शिरवणे
३ सप्टेंबर १९९७

उत्कर्षास,

घे लेखी. दाराचा स्विच खोटं सांगत नाही. सही केली आहे, हवा तर शिक्काही मारतो.

इलाजाच्या चौकश्या नकोत, तो धंद्याचा भाग आहे. सोसायटीला एक अक्षर लिहिलंस, तर भाऊबीजेला माझ्या दारात उभी राहू नकोस.
कुलदीप

*

पुणे
७ सप्टेंबर १९९७

दादा,

तुझी सही जोडून प्रकल्प दिला. वर्गात सगळ्यांत चांगला ठरला. सोसायटीला लिहीत नाही. तुझं दार तुलाच लखलाभ.
उ.

*

शिरवणे
१२ ऑक्टोबर १९९७

चि. कुलदीप आणि चि. उत्कर्षा यांस,
आशीर्वाद शेवटी देईन, द्यावासा वाटला तर.

एकच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, म्हणजे आईने एकाची बाजू घेतली असं दुसऱ्याने म्हणायला नको.

दवाखान्यात माझ्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून तुम्ही भांडलात. आई झोपली आहे असं तुम्हांला वाटलं. मी डोळे मिटून सगळं ऐकलं. गौरी आणायच्या दिवशी तेरड्याची जुडी घेऊन मी लिफ्टने वर येत होते. मजला आला, लाइट गेले, मी दार ओढून एक पाय बाहेर टाकला आणि लाइट आले. तेव्हापासून मी नशिबाला बोल लावत होते. नशीब बिचारं काय करील? उत्कर्षाला हे ऑगस्टातच कळलं होतं आणि तिने ते कुलदीपला कळवलं होतं.

काल कुलदीपचा फिटर अंकुश येऊन रडला. म्हणाला, काकी, स्विच गंजला की लिफ्ट अडते, म्हणून सणासुदीला आमी त्याच्यावर तार मारतो, मालकांनीच सांगितलेलं हाय. ती तार मारली की दार सताड उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं. हा तुझा इलाज, कुलदीप! बहिणीची राखी मनगटाला बांधवली नाही, ती तार मात्र बांधून घेतलीस.

आणि उत्कर्षा, तू मोठी शिकलेली. इलाज कोणता म्हणून विचारलंस, उत्तर मिळालं नाही, तरी ती ओळ कागदावर टाकून मोकळी झालीस. तुला त्याचं तोंड बंद करायचं होतं, त्याला तुझं. पुण्याहून इथे आणि इथून पुण्याला पत्रं धावत होती, आणि मी रोज त्याच लिफ्टने भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. मला एक कार्ड टाकायचं किंवा एक शब्द सांगायचं कोणालाच सुचलं नाही. मी जिना चढले असते.

पायाची दोन बोटं गेली. आता चौथा मजला होत नाही, म्हणून इथे शिरवण्यात आपल्या कामवाल्या रखमाच्या खोलीवर तळमजल्याला राहते आहे. लिफ्टचे फ्यूज अंकुशकडून काढून घेऊन मी माझ्या ट्रंकेत ठेवले आहेत. सोसायटीचे लोक जिने चढताना शिव्या घालतात. घालू देत. मी त्यांना सगळं खरं सांगितलं आहे, तुम्हां दोघांची नावं घेऊन.

भाऊबीज इथे होईल. दोघांनी यायचं. एकमेकांशी बोलायची सक्ती नाही. उत्कर्षा, तू प्रोग्रॅम दुरुस्त करून आण. कुलदीप, तू नवा स्विच बसव आणि ती तार स्वतःच्या हाताने काढ. उत्कर्षा ओवाळील तेव्हा ओवाळणी म्हणून ताटात तीच तार टाक. ती पडलेली मला दिसली, की फ्यूज देईन. आशीर्वादाचंही तेव्हाच बघू.

तुमची आई,
विजयमाला