दोरैसानीने इस्त्री केलेली साडी

आई, काल ती आली होती. कोण म्हणून विचारशील, तर दोरैसानीचं तान्हं! जिचे लंगोट आपल्या माडीवर दोन महिने वाळले नाहीत, ती. आता चांगली उंचीपुरी बाई झाली आहे, केस पिकलेत. ऐप्पसी महिन्याच्या धो धो पावसात ऑटोतून उतरून ती दारात उभी राहिली, तेव्हा वाट चुकलेली टूरिस्ट समजून मी तिला तंजावूरच्या मोठ्या देवळाचा रस्ता दाखवायला निघाले होते. तिने आपल्या आईचं नाव सांगितलं आणि मी "अय्यो!" म्हणून तिचा हातच धरला. तेव्हापासून तुला एक विचारायचं मनात घोळतंय. मराठी आपण घरात बोलायचो तेवढीच, देवनागरी लिपी मी बँकेतून रिटायर झाल्यावर शिकले, तुला तर ती वाचताच येत नव्हती, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र तुझ्या काही उपयोगाचं नव्हतं. तरी लिहिते.

मिशनच्या बंगल्याचं छप्पर गळायला लागलं म्हणून बाबांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी शब्द टाकला, आणि नॉर्वेहून आलेलं ते पाद्र्याचं कुटुंब पावसाळ्यापुरतं आपल्या माडीवर राहायला आलं. शेजारणींचं ऐकून आपणही त्या गोऱ्या बाईला दोरैसानीच म्हणायला लागलो. आत्याला ते बिऱ्हाड मुळीच पसंत नव्हतं. तिने बाबांना बजावलं, "या घरातलं सोवळं एकदा जरी मोडलं ना, तर त्याच दिवशी त्यांचं सामान रस्त्यावर. मग पाऊस असो की प्रलय!" थोरल्या बहिणीपुढे बाबा काय बोलणार? "सरी, अक्का," म्हणत त्यांनी होकाराची मान डोलावली.

मला मात्र ती माणसं म्हणजे रोजची गंमत होती. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि जिना गाठायचा. पाद्री सायकलवरून तिरुवैयारूकडच्या खेड्यांत जायचे आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचे. मग बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते माडीवरच्या चुलीजवळ ठेवायचे, तरी सकाळी बुटांवर हिरवी बुरशी आलेलीच. प्रार्थनेची पुस्तकं फुगून दुप्पट झालेली. दोरैसानी त्यांचं एकेक पान इस्त्रीने वाळवतेय, पाळण्यात हे तान्हं टाहो फोडतंय, आणि थोरली मुलगी धर्माच्या पत्रकांच्या होड्या करून माझ्याबरोबर अंगणातल्या पाण्यात सोडतेय. एकदा पाद्र्यांनी ते पाहिलं. आता बसतो मार म्हणून मी पळायच्या बेतात, तर ते म्हणाले, "असू दे, पाण्याच्या वाटेने तरी कुणाच्या दारी पोचतील!" ते ऐकून तू तोंडाला पदर लावून हसलीस. मिठाला पाणी सुटतं म्हणून बाटलीत तांदळाचे दाणे घालायला दोरैसानीला तूच शिकवलंस. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून पुस्तकातल्यासारखं तमिळ बोलायची, तू आत रसम उकळत उत्तरं द्यायचीस. तिने कधी उंबरा ओलांडला नाही, तूही कधी आत बोलावलं नाहीस. "अम्मा, मला काही काम सांगा ना," असं ती रोज म्हणायची. "काही नाही गं, बस तू," हे तुझं ठरलेलं.

आजोबांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी तू नऊवारी धुऊन मागच्या पडवीत उंच दांडीवर काठीने वाळत घातलीस. तिला तुझ्याशिवाय कोणी शिवायचं नाही, शिवलं की सोवळं गेलं. देवळात जाताना मला राखणीला बसवलंस. "इथून हललीस तर बघ." हलले. होड्या होत्या ना! परत येऊन पाहते तर वाऱ्याने साडी ओल्या फरशीवर पडलेली. काठीने उचलायला गेले, जमेना, शेवटी हातानेच उचलली. तशीच ती काखेत मारून माडीवर दोरैसानीकडे पळाले. तिने कोळशाची इस्त्री फिरवून साडी कोरडी केली, छान चौपदरी घडी घालून दिली, आणि मी स्टुलावर चढून ती परत दांडीवर टाकली.

काय माझी अक्कल! सोवळ्याच्या साडीला कधी इस्त्रीची घडी असते का? सकाळी आंघोळ करून तू काठीने साडी खाली घेतेस आणि थांबतेस. घडीच्या रेघा अगदी पापडासारख्या कडक. तू साडीकडे बघतेस, वर माडीकडे बघतेस, मग माझ्याकडे. आत्या समोरच पाटावर बसलेली. "काय गं, उभी का राहिलीस?"

"ओलसर लागतेय, वन्सं. पुन्हा पिळते."

तू साडी बादलीत बुचकळलीस, पिळलीस आणि ओलेतीच नेसलीस. ओलेत्याला विटाळ नाही. नियमही राहिला आणि माडीवरच्यांचं बिऱ्हाडही राहिलं. पण त्या गारठ्यात दुपारी पानं उठेपर्यंत तू ओल्या साडीत चुलीपुढे उभी होतीस, आणि संध्याकाळी तापाने फणफणलीस. नऊ दिवस अंथरुणात. मला इतकी भीती वाटली होती आई, की मी जेवतसुद्धा नव्हते.

त्याच तापात माझ्या केसांतून हात फिरवत तू म्हणालीस, "कुणाकडे बोलू नकोस हं. तिला बिचारीला काय ठाऊक आपलं सोवळं!" मी मान हलवली. हेच तर विचारायचं होतं तुला. ती आपणहून खाली आली आणि तिने साडी उचलली, असं तुला खरंच वाटलं का? की माझं तोंड बघूनच सगळं कळलं होतं, आणि तू मला सोडून दिलंस? लोकांच्या सह्या पारखण्यात माझा जन्म गेला, पण त्या सकाळचं तुझं बघणं मला अजून उलगडत नाही.

काल कॉफी पिताना दोरैसानीची लेक सांगत होती, तिची आई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत इथली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची म्हणे: तंजावूरच्या अम्माने मला एकदा काम सांगितलं, आपली सोवळ्याची साडी माझ्या हातात दिली. दोरैसानीला सगळं ठाऊक होतं गं! रोज उंबऱ्याबाहेर बसून तिने तुझं सोवळं नीट पाहिलं होतं. साडी घ्यायच्या आधी तिने मला विचारलं, "मी शिवलेलं अम्माला चालेल?" मग साबणाने हात धुऊन आली आणि पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "अम्मानेच पाठवलीय."

काल तिच्या लेकीने चाचरत विचारलं, "ते खरं होतं का हो? आम्हाला वाटायचं, आई वाढवून सांगते." आणि मी, दोन नातवंडांची आजी, तिच्या कपात आणखी कॉफी ओतत म्हणाले, "खरं म्हणजे काय! अम्मानेच पाठवली होती."